कण्हेर तोडण्याआधी उकिरडा बघा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून एका वाचक ताईंनी लांबलचक पत्र पाठवलं आहे. नाव-गाव वगळून त्याचा गोषवारा असा. घरामागच्या परड्यात त्यांच्या आठ कोंबड्या होत्या, काही गावठी, काही गिरिराज जातीच्या. अंड्यांचा पैसा हा त्यांचा स्वतःचा, कुणाला हिशेब द्यावा न लागणारा. गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात एका सकाळी दोन कोंबड्या उकिरड्याजवळ मरून पडलेल्या दिसल्या. तिसरी बसून होती, पाय ओढत होती, मान जमिनीला टेकलेली, डोळे अर्धवट मिटलेले. सासूबाईंनी तिला हिंगाचं पाणी आणि चमचाभर गोडं तेल पाजलं. दुपारपर्यंत तीही गेली. परड्याच्या कडेला चुलत जावेची कण्हेर आहे, फांद्या अलीकडे आलेल्या. नवऱ्याचं म्हणणं, कण्हेरीनंच घात केला, ती मुळासकट काढायची. जाऊ म्हणते, झाड वीस वर्षं तिथंच आहे, तुमच्या कोंबड्या रोगानं मेल्या. दोन्ही घरांत बोलणं बंद आहे आणि उरलेल्या पाच कोंबड्या डालग्याखाली कोंडलेल्या आहेत. पत्राच्या मधेच एक ओळ आहे: घरात घुशी फार झाल्यात, एक मेलेली सापडली ती आम्ही उकिरड्यात टाकली. ताईंचे प्रश्न चार. कण्हेर तोडावी का, परड्यातली आणखी कुठली झाडं घातक, पुन्हा असं झालं तर पहिल्या तासात काय करायचं, आणि उरलेल्या कोंबड्यांची अंडी खावीत का.

ताई,

घुशीची ओळ तुम्ही सहज लिहून गेलात, पण मी तिथं थांबलो आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कण्हेर विषारी आहे यात वाद नाही, तिच्याकडे येतोच. पण तुम्ही लिहिलेली लक्षणं आणि जागा शेजारी शेजारी ठेवली, तर माझा पहिला संशय कण्हेरीवर जात नाही. कोंबड्या कुंपणाशी मेल्या नाहीत, उकिरड्याशी मेल्या, आणि त्याच उकिरड्यात घूस होती.

ती घूस कशानं मेली, हे कुणी विचारलं का? तुम्ही औषध टाकलं नसेल, पण घूस चार घरं फिरते. उंदीर-घुशींसाठी झिंक फॉस्फाइडची काळी पूड पिठात किंवा दाण्यांत कालवून ठेवतात. असा दाणा कोंबडीच्या नजरेस पडला की ती तो टिपणार. पोटात गेल्यावर त्यातून विषारी वायू सुटतो आणि काही तासांत खेळ संपतो. संध्याकाळी धडधाकट असलेल्या दोन कोंबड्या सकाळी मेलेल्या सापडणं याच्याशी जुळतं.

तिसऱ्या कोंबडीची कथा मात्र मला वेगळीकडे नेते. मान लुळी, पाय लुळे, पापण्या जड, हे वर्णन बॉट्युलिझमचं आहे. मेलेलं जनावर कुजतं तेव्हा त्यात एक जंतू वाढतो आणि अतिशय जहाल विष तयार करतो. त्या मढ्यावरच्या अळ्यांच्या अंगात ते विष साठतं, अळ्यांना काही होत नाही, पण त्या वेचून खाणारी कोंबडी साधारण अर्ध्या ते दोन दिवसांत लुळी पडते. अशा कोंबडीची पिसंही ओढली की सहज हातात येतात. सप्टेंबरची ओल, मधूनच पडणारं ऊन आणि उकिरड्यात घूस, अळ्या व्हायला याहून काय लागतं? अळी हा कोंबडीचा लाडका खाऊ, त्यामुळे सगळ्यात धीट कोंबड्या आधी जातात.

पत्रावरून निदान होत नसतं, त्यामुळे हेच घडलं असं मी म्हणणार नाही. पण आजच्या आज एक काम करा. हातमोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या हातात घालून तो उकिरडा उकरा, घूस शिल्लक असेल तर ती आणि भोवतीचा अळ्यांचा थर काढून विहिरीपासून लांब, हातभर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. उरलेल्या पाच कोंबड्या डालग्याखाली आहेत हे त्या दृष्टीनं बरं झालं. हे काम उरकेपर्यंत त्यांना सोडू नका.

जावेच्या म्हणण्यातही तथ्य असू शकतं, ते झटकून टाकू नका. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आपल्याकडे उठली की अख्खं गाव साफ करते. पण तिची चाल निराळी असते. एका दिवसात तीन मेल्या आणि बाकीच्या पाच ठणठणीत, असं ती सहसा करत नाही. आधी एक-दोन सुस्तावतात, हिरवट पातळ शीट होते, चोच उघडी ठेवून श्वास घेतात, काहींची मान पिळवटते, आणि मग रोज एक-दोन अशी गळती लागते. शेजारच्यांच्याही मरू लागतात. मानमोडीत मान पिळवटते, बॉट्युलिझममध्ये गळून पडते, हा फरक घरच्या माणसाला डोळ्यांनी दिसतो. पत्र पोचेपर्यंत आणखी कोंबड्या आजारी पडल्या असतील, गल्लीत इतरांकडेही मर सुरू झाली असेल, तर विषाचा विचार बाजूला ठेवा आणि सरळ जनावरांच्या दवाखान्यात कळवा. एकाच वेळी पुष्कळ पक्षी पटापट मेले तर बर्ड फ्लूचीही शंका घ्यावी लागते. तेव्हा मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातानं शिवायचं नाही आणि ‘आत्ताच मेली आहे, कापून टाकू’ असं तर अजिबात नाही.

आणखी एक संशयित असतो, ज्याचं नाव कुणी घेत नाही, कारण तो आपल्याच माळ्यावर असतो. उसाच्या भागात वर्षानुवर्षं थिमेट या कीटकनाशकाचे दाणे वापरले गेले. फोरेट या त्यातल्या विषावर आपल्या देशात २०२० च्या अखेरीस बंदी आली, तरी जुने डबे घराघरांत पडून आहेत. कोंबडी दाणे दळायला बारीक खडे गिळते, आपण कलेजी-पेठा म्हणतो त्यातला पेठा म्हणजे तिचं जातं. थिमेटचा दाणा तिला खड्यासारखाच दिसतो. लाळ, डोळ्यांतून पाणी, थरथर, धाप आणि मरण, हे सगळं फार वेगानं होतं. पेरणीतून उरलेलं लाल-गुलाबी रंग चोळलेलं मक्याचं किंवा सोयाबीनचं बियाणंही तसंच. ‘वाया कशाला घालवा’ म्हणून ते कोंबड्यांपुढे टाकलेलं मी पाहिलं आहे. थायरम हे बुरशीनाशक चोळलेलं बी खाऊन कोंबडी लगेच मरेलच असं नाही, पण अंड्याचं कवच मऊ पडतं, पिल्लांचे पाय वाकडे होतात, आणि मालकीण कॅल्शियमच्या बाटल्या आणत बसते. औषधांच्या डब्यांवरची कन्नड-इंग्रजी अक्षरं वाचता येत नसली तरी लेबलावरचा रंगीत चौकोन बघा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लाल-पिवळ्यांना कोंबड्यांच्या वाऱ्यालाही ठेवू नका.

आता झाडं. एक गोष्ट आधी मान्य करू: मोकळी फिरणारी, पोट भरलेली गावठी कोंबडी सहसा कडू पानाला चोच लावत नाही. जावेची कण्हेर वीस वर्षं तिथं आहे आणि इतक्या वर्षांत काही झालं नाही, याचं कारण तेच आहे. विषारी झाड परड्यात असणं आणि कोंबडीनं ते खाणं यांत बरंच अंतर असतं, आणि ते अंतर बहुतेक वेळा माणूस कमी करतो. कोंबड्या दिवसभर कोंडून भुकेल्या सोडल्या, झाड छाटून कोवळ्या डहाळ्या परड्यात पसरल्या, पालेभाजीच्या देठांबरोबर भलतंच पान बारीक चिरून टाकलं, की घात होतो. तुमच्या पाच कोंबड्या आता कोंडून वैतागल्या असतील. सोडताना आधी पोटभर दाणा-पाणी द्या आणि मगच परड्यात जाऊ द्या.

कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे, पान, फूल, फांदी, मूळ, वाळलेला पालासुद्धा. विष हृदयावर जातं. आणि म्हणूनच तुमच्या यजमानांचा बेत मला काळजीचा वाटतो. रागाच्या भरात कोयता घेऊन झाड तोडलं, तर शेकडो पानं आणि डहाळ्या तुमच्याच परड्यात पडतील, कोमेजतील, मातीत मिसळतील. आज कुंपणावर उंच असलेलं विष तुम्ही स्वतः कोंबड्यांच्या पायाशी आणून ठेवाल. तोडलेली कण्हेर जाळणं तर आणखी वाईट, धूरही विषारी असतो. बंबात किंवा चुलीत चुकूनही घालू नका.

माझी खरी भीती कण्हेरीच्या झाडापेक्षा निर्माल्याची आहे. आपल्या घरातली देवाची फुलं कोणती ते आठवा. शंकराला धोतरा, मारुतीला रुईच्या पानांची माळ, रोजच्या पूजेला कण्हेर, कुठं पिवळी बिट्टी. गणपतीच्या एकवीस पत्रींत कण्हेर, धोतरा, रुई तिन्ही आहेत. ही सगळी पूजा संपल्यावर जाते कुठं? परड्यात, तुळशीच्या मागं, नाहीतर थेट उकिरड्यात, जिथं कोंबड्या दिवसातून दहा वेळा उकरतात. अक्षता, खोबऱ्याचे तुकडे, नैवेद्याचा भात त्यातच मिसळलेला असतो, म्हणजे विषाला आमिषही आपणच लावून दिलं. तुमच्याकडे विसर्जनानंतरच्याच आठवड्यात हे झालं, त्यामुळे त्या दिवसांत पत्री कुठं टाकली हे सासूबाईंना जरूर विचारा. माझ्या संशयितांच्या यादीत ती घुशीच्या खालोखाल आहे. पूजा बदलायची गरज नाही. निर्माल्यासाठी वेगळा खड्डा करा, वर जुना पत्रा आणि त्यावर दगड ठेवा, झालं. फुलं बुडवून ठेवलेल्या तांब्यातलं पाणीही कोंबड्यांच्या भांड्यात ओतू नका. बिट्टीच्या फळांशी मुलं गोट्यांसारखी खेळतात, त्यांनाही आवरा, ते बी माणसाचा जीव घेतं.

बाकीच्या झाडांत मला टाकळ्याबद्दल जास्त सांगावंसं वाटतं, कारण तो कुणाच्या खिजगणतीत नसतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला आपण त्याची कोवळी भाजी आवडीनं खातो. पण दिवाळीच्या सुमारास शेंगा वाळून बिया गळतात, त्या दाण्यात मिसळल्या तर कोंबड्यांची वाढ खुंटते, अंडी घटतात. त्याचा भाऊबंद कासविंदा याहून वाईट, त्याच्या बिया खाल्लेल्या कोंबड्यांचे स्नायू झडतात, पाय धरतात, आणि लोक त्याला लकवा म्हणून सोडून देतात. शेंगा धरायच्या आत दोन्ही उपटून टाका. एरंड आणि कुंपणाचा मोगली एरंड यांच्या बिया घातक आहेत, आणि एरंडीची पेंड खत म्हणून टाकाल त्या दिवशी कोंबड्या-कुत्री दोन्ही दूर ठेवा. गुंज, कळलावी, शेर दिसली की काढा. घाणेरीचा त्रास गुरांना जास्त होतो, तिच्यासाठी झोप घालवू नका.

निपाणी-चिकोडीकडच्या वाचकांसाठी मधेच थोडं तंबाखूबद्दल. तिकडे खुराड्यात उवा-पिसवा झाल्या की तंबाखूची पूड पसरतात, काहीजण तंबाखूचं पाणी कोंबडीच्या अंगाला चोळतात. निकोटिन कातडीतूनही भिनतं. काही मिनिटांत कोंबडी थरथरते, मग ढिली पडते आणि श्वास थांबतो. उवांसाठी दवाखान्यातून पावडर घ्या, राखेत-मातीत लोळायला कोरडी जागा करून द्या. वखारीतला चुरा, विड्यांची थोटकं परड्यात नकोत.

स्वयंपाकघरातून जाणारं विषही आहे. बेळगाव भागात बटाटा पिकतो, त्यामुळे हिरवे पडलेले, मोड आलेले बटाटे कोंबड्यांना टाकण्याची सवय आहे. त्या हिरव्या सालीत आणि कोंबांत सोलानिन असतं, उकडूनही ते फारसं जात नाही. कच्चा राजमा टाकू नका, नीट शिजवलेला चालतो. लोणच्याचा खार, पापडाचे तुकडे, जेवणावळीतलं खारट उरलंसुरलं नको. आणि खानापूरच्या पावसात बुरशी धरलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड उन्हात वाळवून घालणं हा मोठा गैरसमज आहे. बुरशी वाळते, तिचं विष दाण्यातच राहतं आणि लिव्हर हळूहळू खातं. झाडांनी मेलेल्या कोंबड्यांपेक्षा बुरशीनं खंगलेल्या कोंबड्या जास्त असतील, फक्त त्या एका सकाळी मरत नाहीत म्हणून त्यांच्यावरून भांडणं होत नाहीत.

पुन्हा कधी एखादी कोंबडी अशी पडलेली दिसली, तर आधी बाकीच्यांना त्या जागेवरून हलवा. आजारी कोंबडीला मागाहून बघता येतं, पण दरम्यान आणखी चार जणी तेच खात असतात. दाण्याचं आणि पाण्याचं भांडं उचला, पाणी बदला. मग आजारी कोंबडीला जुन्या लुगड्यात पंख आवळून गुंडाळा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधाऱ्या, शांत, उबदार जागी ठेवा. मुलं भोवती जमू देऊ नका, घाबरलेल्या कोंबडीचं हृदय आधीच धापा टाकत असतं. पावसाळ्यात खोक्याच्या एका बाजूला बल्ब लावा, म्हणजे ऊब नको झाली तर तिला दुसऱ्या कडेला सरकता येईल. चोचीत पान-दाणा अडकला असेल तर बोटानं काढा. अंगावर औषध सांडलं असेल तर हातमोजे घालून कोमट पाण्यानं आणि सौम्य साबणानं धुवा, पुसून लगेच ऊब द्या.

मग फोन. दवाखान्यातल्या डॉक्टरांचा नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवा. फिरत्या पशुवैद्यकीय गाड्यांचा १९६२ हा टोल-फ्री नंबरही आहे. एका कोंबडीसाठी गाडी दारात येईलच अशी आशा धरू नका, पण विचारायला काही लागत नाही. किती वाजता बघितली, शेवटचं काय खाल्लं, काय होतंय, आसपास कुठली झाडं-औषधं आहेत, हे सांगता आलं पाहिजे. संशय असलेलं पान, बी किंवा औषधाचा डबा घेऊनच दवाखान्यात जा.

पाजायचं काय, यावर प्रत्येक घरात एक तज्ज्ञ असतो. सासूबाईंना बोल लावू नका, त्यांनी जे माहीत होतं ते मायेनं केलं, आणि ती कोंबडी बहुधा तशीही वाचली नसती. पण इथून पुढे तेल नको. लुळ्या कोंबडीला गिळता येत नाही, तेल श्वासनळीत जातं, शिवाय काही विषं तेलाबरोबर आणखी लवकर भिनतात. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायचा प्रयत्न नको, मीठच तिला मारेल. उलटी टांगून गळ्याखालची पिशवी दाबू नका, आतलं सगळं फुफ्फुसात उतरतं. चुलीतला कोळसा किंवा राख पाण्यात कालवून पाजणं हाही खुळेपणा. विषावर देतात तो ऍक्टिव्हेटेड चारकोल वेगळ्या रीतीनं केलेला असतो, तो मेडिकलमध्ये मिळतो. दुसरं काही न मिसळलेला नुसता चारकोल मागा. कोंबडी शुद्धीवर आहे, मान धरते आहे, नीट गिळते आहे, आणि विष खाऊन तास-दोन तासच झालेत, तर डॉक्टरांना फोनवर विचारून किलोमागे साधारण १ ते ३ ग्रॅम या हिशेबानं पाण्यात कालवून चोचीच्या कडेनं थेंब थेंब सोडता येतो. घाई केलीत तर थेंब जिभेच्या मागच्या श्वासनळीच्या भोकात जातो. मान टाकलेल्या किंवा धापा टाकणाऱ्या कोंबडीला तोंडानं काहीच देऊ नका, पाणीसुद्धा. तिला नळीनं द्यावं लागतं आणि ते डॉक्टरांचं काम आहे.

उंदराच्या औषधाचा संशय असेल तर खायला घालू नका. बॉट्युलिझम असेल आणि कोंबडी गिळू शकत असेल, तर थोडं थोडं ओआरएसचं पाणी, ऊब आणि शांतता एवढ्यावरही सौम्य लागण झालेल्या कोंबड्या काही दिवसांत उठतात. घरात इंजेक्शनं ठेवून स्वतः टोचण्याचा मोह मात्र आवरा. थिमेटसारख्या विषावर डॉक्टर ऍट्रोपिन देतात. तेच ऍट्रोपिन धोतऱ्याच्या विषातही असतं. म्हणजे धोतरा खाल्लेल्या कोंबडीला थिमेट समजून ते टोचलंत, तर विषावर विष चढवलंत. कारण कळल्याशिवाय उपाय करण्याचा धोका इथंच असतो.

आणि कोंबडी मेलीच, तर लगेच पुरू नका. यावेळी तुमच्या तिघी पुरून झाल्या, त्यामुळे आता कुणीच छातीठोकपणे काही सांगू शकत नाही. भांडणाला जागा मिळाली ती त्यामुळेच. मेलेली कोंबडी दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फावर ठेवा, फ्रीजरमध्ये नको, आणि त्याच दिवशी, उशिरात उशिरा दुसऱ्या सकाळी, तालुक्याच्या दवाखान्यात शवविच्छेदनासाठी न्या. गळ्याखालच्या पिशवीत कण्हेरीची पानं निघतात की रंगीत दाणे की अळ्या, हे उघडल्यावर दिसतं. घरी कापून बघू नका, झिंक फॉस्फाइड असेल तर त्या वासानं माणसालाही त्रास होतो. एखाद्या कोंबडीसाठी डॉक्टरांकडे काय जायचं, असं वाटेल. तुम्ही एकीसाठी जात नसता, उरलेल्या पाचांसाठी जात असता.

कण्हेरीचं असं करा. तोडू नका. जावेला विचारून, अलीकडे आलेल्या फांद्याच तेवढ्या छाटा, तेही कोंबड्या डालग्याखाली असताना. खाली चादर अंथरा, सगळा पाला गोळा करून निर्माल्याच्या खड्ड्यात टाका. कुंपणाला आतून गुडघाभर जाळी मारली की गळलेली पानं पलीकडेच राहतील. पूजेसाठी अलीकडे जास्वंद लावा, ती कोंबड्यांनी खाल्ली तरी चिंता नाही, आणि शेवगा लावा, त्याचा पाला त्यांना मानवतो. एवढं करूनही यजमान अडून बसले, तर त्यांना सांगा की झाड पाडलं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा कोंबडी मेली, तर मग कुणाचं झाड तोडणार?

अंडी. कारण कळलेलं नाही, म्हणून दोन-तीन आठवडे मी ती खाल्ली नसती आणि विकलीही नसती. पैसा बुडेल हे कळतं. पण ज्या घरी तुमची अंडी जातात तिथं लहान मुलं असतात. डॉक्टरांनी कोंबड्या बघून आधी मोकळीक दिली तर प्रश्नच नाही.

जावेशी बोलणं सुरू करायला एक निमित्त सुचवतो. मानमोडीची लस गावातल्या कोंबड्यांना बहुधा कुणी दिलेली नसते. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा, डोळ्यात किंवा नाकात थेंब, आणि सहा ते आठ आठवड्यांची झाली की आर-टू-बी, टोचून. या दुसऱ्या लशीची कुपी निदान शंभर कोंबड्यांची असते आणि एकदा पाण्यात मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते. तुमच्या पाच कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? जावेच्या, तिच्या पलीकडच्या घरच्या, अख्ख्या गल्लीच्या कोंबड्या एका सकाळी सोडायच्या आधीच खुराड्यात धरून ठेवल्या, तर दवाखान्यातला माणूस एका फेरीत सगळ्यांना टोचून जाईल. आजारी दिसणारीला टोचायचं नाही, एवढं लक्षात ठेवा. जावेला जाऊन एवढंच विचारा, तुझ्या किती आहेत?